स्वच्छ, पुणे : रोज सकाळी दारात येणाऱ्या सर्व्हिसचा आठ वर्षांनी लिहिलेला रिव्ह्यू

हॉटेलांचे, मिक्सरचे, पॅकर्स-मूव्हर्सचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, मीही लिहिलेत, पण जी सर्व्हिस आपण जवळजवळ रोज वापरतो तिच्याबद्दल कधी एक ओळ लिहिली नाही हे परवा लक्षात आलं. लक्षात आलं कारण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका नवीन भाडेकरूने विचारलं की हे कचरेवाले दर महिन्याला पैसे कसले मागतात, आपण टॅक्स भरतो ना, आणि त्याखाली सतरा जणांनी अंगठे टाकले. त्याला उत्तर टाइप करायला बसलो आणि ते इतकं लांबत गेलं की ग्रुपवर टाकलं असतं तर ॲडमिन काकांनी मला त्याच दिवशी काढलं असतं. म्हणून इथे लिहितोय.

तर सर्व्हिस म्हणजे स्वच्छ. कागदावरचं नाव स्वच्छ सेवा सहकारी संस्था. ही कंपनी नाही, लोकांना वाटतं तशी एनजीओ पण नाही, कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, म्हणजे आपल्याकडे दूध संघ असतात, साखर कारखाने असतात तशीच, फक्त इथल्या सभासदांकडे म्हैस किंवा ऊस नाही, ढकलगाडी आहे. तीन हजारांच्या वर सभासद, त्यात बहुतेक बायका, आणि त्यातल्याही बहुतेक दलित समाजातल्या, हे आपण बोलताना गाळतो पण गाळू नये. पुणे महापालिकेबरोबर यांचा २००८ पासून करार आहे, घरोघरी जाऊन कचरा घ्यायचा आणि त्याचे पैसे थेट घराघरातून घ्यायचे असा.

आमच्या बिल्डिंगला एक मावशी येतात. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. सव्वानऊ ते साडेनऊच्या मध्ये बेल वाजते, चौथ्या मजल्यावरून सुरू करून खाली उतरत येतात, हातात दोन बादल्या आणि खांद्यावर एक गोणी. ओलं बादलीत, सुकं गोणीत. मधेच कुणी दोन्ही एकत्र दिलं तर तिथेच जिन्यात बसून वेगळं करतात आणि त्या घरच्या माणसाकडे न बघता जोरात म्हणतात, 'आज काय पाव्हणं आलते वाटतं.' हे ऐकून पुढच्या दिवशी तरी माणूस सुधारतो. गावाला गेल्या तर बदली बाई येते, तिला अगोदर सगळं सांगून ठेवलेलं असतं, कुणाकडे कुत्रा आहे, कुणाकडे दहाच्या आत बेल वाजवायची नाही, कोण पैसे बुडवतं.

याची किंमत कळायची तर आधी दुसरीकडे राहिलेलं असावं लागतं. पुण्यात यायच्या आधी मी ज्या शहरात होतो (नाव जाऊ दे) तिथे ठेकेदाराची गाडी यायची, गाणं लावून, कधी सहाला कधी अकराला, चौकात दीड मिनिट थांबायची आणि तेवढ्यात आपण लुंगीवर बादली घेऊन पळायचं. आमच्या आईचे गुडघे गेलेले, तिला ते कधीच जमलं नाही, मग दोन-दोन दिवसांचा कचरा बाल्कनीत. गाडीत ओलं-सुकं असे दोन कप्पे रंगवलेले होते आणि आत दोन्हीचा एकच काला. मी एकदा विचारलं तर तो पोरगा म्हणाला, साहेब वजन झालं पाहिजे. तेव्हा त्याचं बोलणं मला उडवाउडवीचं वाटलं होतं. ते किती खरं होतं हे इकडे आल्यावर कळलं.

म्हणजे बघा, बऱ्याच शहरांत ठेकेदाराला पैसे मिळतात टनावर. जितकं वजन तितकं बिल. मग तो कशाला वेगळं करेल, कशाला कचरा कमी व्हावा असं त्याला वाटेल, ओलं सुक्यात मिसळून भिजलं तर वजन उलट वाढतंच. इथे मावशींची कमाई दोन ठिकाणांहून, एक आपल्याकडचे महिन्याचे पैसे आणि दुसरं सुक्यातून निघणारं भंगार. ते भंगार भिजलेलं असेल, त्याला आमटी लागलेली असेल तर भंगारवाला घेत नाही. म्हणजे कचरा नीट निवडलेला असणं यात त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. शहराच्या पर्यावरणाचं भलं आणि तिच्या घरचं भलं एकाच बाजूला बांधून ठेवलंय, ही या सगळ्या प्रकरणातली खरी हुशारी आहे आणि ती कुठल्या ॲपमध्ये नाही.

एका रविवारी मी त्यांच्या मागे मागे गेलो होतो, म्हणजे आमची जुनी पुस्तकं आणि पेपर जास्त होते म्हणून ते खाली गाडीवर पोचवायला गेलो आणि मग तसाच पुढे गेलो. आमच्या चौकाच्या मागे जिथे महापालिकेची गाडी उभी राहते तिथे (त्याला फीडर पॉइंट म्हणतात) ओलं सगळं गाडीत रिकामं होतं आणि मग बाजूला चार-पाच जणी बसून सुकं निवडतात. मला वाटायचं प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक. तर तसं नसतं. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, बाटलीचं बूच त्यातून परत वेगळं कारण त्याचं प्लास्टिक दुसरं असतं, शाम्पूच्या डब्या वेगळ्या, पांढरा कागद वेगळा, रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, काच, पत्रा, ॲल्युमिनियम. हात इतके भराभर चालतात की मी नुसता बघत बसलो. वेफर्सची पाकिटं मात्र एका कोपऱ्यात ढीग. त्याच्यात प्लास्टिक आणि चमकी एकमेकांना चिकटवलेली असते, ती सुटी होत नाही, म्हणून भंगारवाला त्याला भाव देत नाही. मावशी म्हणाल्या, 'आतलं समदं खात्यात आन भायेरचं आमाला देत्यात, ह्याचं काय करावं.' मी दोन पाकिटं सकाळीच दिली होती, गप्प बसलो.

इतिहास थोडक्यात सांगतो कारण त्याशिवाय हे पैसे कसले ते कळणार नाही. नव्वदच्या सुमाराला एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या विभागात लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम करत होत्या, सुरुवात झाली साक्षरतेच्या वर्गांपासून. वर्गात येणाऱ्या बायकांचं म्हणणं एवढंच की उकिरड्यात हात घालून वेचण्यापेक्षा लोकांनी घरातच सुकं वेगळं करून दिलं तर आमचं काम माणसासारखं होईल. तसं थोड्या बायकांनी काही वस्तीत सुरू पण केलं, आणि त्याच भागात एक खासगी उद्योजक गाडी घेऊन कचरा उचलायला उतरला. म्हणजे कचऱ्यात पैसा आहे हे बायकांनी दाखवलं आणि लगेच तो पैसा उचलायला माणूस हजर. त्याला विरोध करताना हे लक्षात आलं की वीस-तीस बायकांनी भांडून भागणार नाही. मग १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने परिषद झाली, शेकडो कचरावेचक आले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही युनियन उभी राहिली. नाव किती साधं बघा, जे विकतो तेच नाव. (हेच बाबा हमालांच्या संघटनेचे, हमाल पंचायतीचे, ज्यांची कष्टाची भाकर ही स्वस्त जेवणाची केंद्रं १९७४ पासून चालू आहेत, तिथल्या झुणका-भाकरीवर खरं म्हणजे वेगळा रिव्ह्यू लिहायला हवा.)

युनियनने पहिलं काय मागितलं तर ओळखपत्र. पगार नाही, नोकरी नाही, ओळखपत्र. कारण पहाटे गोणी घेऊन फिरणारी बाई म्हटली की पोलीस आधी चोर म्हणून धरायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात पुणे महापालिकेने त्या कार्डावर आपला शिक्का दिला, आणि असं करणारी ती देशातली पहिली महापालिका मानली जाते. नंतर २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी एक अभ्यास झाला, त्यात हिशोब मांडला की एकेक कचरावेचक बाई महिन्याला साधारण २४६ रुपयांचं काम महापालिकेसाठी फुकट करते, कारण तिने जो कागद-पत्रा उचलला तो वाहून न्यायचा आणि पुरायचा खर्च वाचतो. मला हा आकडा फार आवडतो. आवडतो म्हणजे मोर्चात ओरडून जे ऐकू जात नाही ते कधीकधी रुपयात लिहिलं की लगेच ऐकू जातं. त्याच्या आधारावरच पुढे महापालिकेने कचरावेचकांचा आरोग्य विमा भरायला सुरुवात केली.

दुसरीकडे दिल्लीत वेगळंच चाललेलं. अल्मित्रा पटेल नावाच्या बाईंनी, त्या इंजिनियर, १९९६ मध्ये उघड्यावर कचरा टाकण्याच्या विरोधात सुप्रीम कोर्टात याचिका टाकली होती, त्यातून २००० साली घनकचऱ्याचे नियम आले आणि घरोघरी जाऊन कचरा घेणं महापालिकांना बंधनकारक झालं. म्हणजे आता प्रत्येक शहराला दारोदार जाणारी माणसं लागणार होती. बऱ्याच ठिकाणी टेंडर निघाली. पुण्यात युनियन म्हणाली, माणसं आहेत की, तीस वर्षं तुमचाच कचरा उचलतायत. पथदर्शी प्रयोग झाला, २००७ ला सहकारी संस्था, म्हणजे हीच स्वच्छ, २००८ ला करार.

तर त्या भाडेकरूच्या प्रश्नाचं उत्तर: महापालिका या बायकांना पगार देत नाही. गाड्या, बादल्या, हातमोजे वगैरे साहित्य आणि संस्थेचा व्यवस्थापनाचा खर्च महापालिकेकडे, बाईची कमाई आपल्याकडून. टॅक्समध्ये तिचा पगार नाहीच, त्यामुळे ते पैसे दिले नाहीत तर त्या महिन्यात ती तुमच्याकडे फुकट आली. आणि किती, तर आमच्याकडे महिन्याला एका मसाला डोशाइतके. वर्गणी मागायला मंडळाची पोरं आली की हजार रुपये काढणारी माणसं यासाठी 'पुढच्या महिन्यात एकदम देतो' म्हणतात. आमच्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट आहे, दोन गाड्या, दोन्ही मोठ्या, त्यांचे चार महिने थकलेत. नाव नाही लिहीत पण ते हे वाचतील.

आता माझी चूक लिहितो, नाहीतर हे सगळं मी फार शहाणा असल्यासारखं वाटेल. चार-पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी साफसफाईत एका फोटोफ्रेमची काच फुटली. घाईत होतो, तुकडे उचलले आणि सुक्याच्या पिशवीत टाकून गाठ मारली. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या उजव्या तळहाताला फडकं बांधून, तीन टाके. मला वाटलं आता बोलतील, भांडतील, ते परवडलं असतं. त्या म्हणाल्या, 'दादा, काचंला कागुद गुंडाळत जावा आन वर लाल पेननं कायतरी काढत जावा. मला वाचता येत न्हाई पर लाल दिसलं की कळतंय.' त्या हाताने त्यांनी दिवाळीच्या त्या आठवड्यात, म्हणजे वर्षातला सगळ्यात जास्त कचरा असतो तेव्हा, सगळ्या घरांचा कचरा उचलला कारण सुट्टी घेतली असती तर पोस्त बुडालं असतं. मी औषधाचे पैसे द्यायला गेलो तर घेतले, उगीच नको-नको केलं नाही, ते मला बरं वाटलं.

हे लाल खुणेचं त्यांनी मनाने सांगितलं नव्हतं. स्वच्छने सॅनिटरी पॅडसाठी लाल ठिपक्याची मोहीम काढली होती, पॅड किंवा डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि त्यावर लाल ठिपका काढायचा म्हणजे हात लावायच्या आधी कळतं आत काय आहे. यांच्याच बायका रद्दीच्या पिशव्या पण बनवतात त्यासाठी. २०१३ च्या सुमाराला तर यांनी एक भारी काम केलं होतं, वापरलेल्या पॅडची पोती भरून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली, की तुमचा माल, तुम्हीच बघा. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत कंपन्यांनी पॅडबरोबर टाकून द्यायची पिशवी द्यावी असं आलं. आता ती पिशवी किती जण वापरतात हा भाग वेगळा. आमच्या घरात बायकोने माझ्या हातात लाल स्केचपेन दिलं आणि सांगितलं हे काम तुझं, तेव्हापासून ठिपका मी काढतो.

मग दोन वर्षांपूर्वी सोसायटीची मीटिंग झाली. कमिटीतल्या एकांनी प्रस्ताव आणला की एक ठेकेदार आहे, टेम्पो आहे, ॲप आहे, युनिफॉर्म आहे, फ्लॅटमागे वीस रुपये कमी, आणि मुख्य म्हणजे ओलं-सुकं वेगळं करायची कटकट नाही, सगळं एकत्र घेतो. खरं सांगायचं तर वीस रुपयांपेक्षा ती शेवटची गोष्ट लोकांना भावली. मी पण मनात हो म्हणून बसलो होतो, खोटं कशाला बोलू. तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, 'तो नेऊन टाकणार कुठं?' त्यावर प्रस्ताव आणणारे म्हणाले, ते त्यांचं ते बघतील.

आता पुण्यात राहून हा प्रश्न 'ते बघतील' म्हणून सोडता येत नाही. वनाझला मेट्रोचा डेपो आहे ना, तिथे पूर्वी कोथरूडचा कचरा डेपो होता, आज तिथून मेट्रो सुटते हे नवीन लोकांना सांगितलं तर पटत नाही. कोथरूड वाढलं, वास यायला लागला, बोलणारे लोक राहायला आले, मग कचरा गेला उरुळी देवाची आणि फुरसुंगी या पुण्याजवळच्या गावांत. तिथे वर्षानुवर्षं डोंगर झाले, विहिरींचं पाणी गेलं, गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या, २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली आणि मग गावाने गाड्या आत सोडल्या नाहीत तेव्हा पुण्यात चौकाचौकात ढीग साचलेले मी बघितलेत, मी नवीनच आलो होतो. त्या दिवसांत ज्या सोसायट्यांचं ओलं आवारातच जिरत होतं त्यांना फारसा फरक पडला नाही. हे आजींना आठवत होतं, कमिटीला नव्हतं.

मीटिंगमध्ये मी कैरोचं उदाहरण दिलं, थोडी शायनिंग मारली, पण उदाहरण खरं आहे. तिथे झब्बालीन म्हणून समाज आहे, पिढ्यान्पिढ्या दारोदार कचरा गोळा करणारा, आणि गोळा केलेल्यातलं ऐंशी टक्क्यांपर्यंत ते परत वापरात आणायचे असं सांगितलं जातं. ओलं त्यांची डुकरं खायची. २००३ मध्ये सरकारने स्पेन आणि इटलीच्या कंपन्यांना ठेके दिले. कंपन्यांनी रस्त्यावर कंटेनर ठेवले, लोकांना वरून खाली येऊन कचरा टाकायची सवय नव्हती, कंपन्यांना रिसायकलिंगमध्ये झब्बालीनांइतका रस नव्हता. त्यात २००९ ला स्वाइन फ्लूच्या भीतीने सरकारने सगळी डुकरं मारून टाकली, मग खरकटं रस्त्यावर सडायला लागलं. मोठी गाडी आणली की शहर आधुनिक होतं असं वाटणाऱ्यांसाठी हे चांगलं उदाहरण आहे. उलट कोलंबियाची राजधानी बोगोटाचं बघा, तिथल्या नोहरा पादिया, स्वतः कचरा वेचणाऱ्या घरातल्या, संघटना बांधून कोर्टात भांडल्या आणि शहराला कचरावेचकांना वजनावर पैसे द्यायला लावले, २०१३ ला त्यांना पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. तिथे वजनावर पैसे म्हटले तरी ते वेचून विकायला नेलेल्या मालाच्या वजनावर, पुरायला नेलेल्या नाही, हा फरक आहे.

एक काका म्हणाले हे सगळं ठीक आहे पण इंदूर बघा. इंदूर मी बघितलंय. सराफ्यात रात्री एक वाजता पोटभर खाऊन बाहेर आलो तर रस्ता असा की तिथेच सतरंजी टाकावी. २०१७ ते २०२३ दर वर्षी ते स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले, तिथे महापालिकेच्या गाड्या दारात जातात आणि ओल्यापासून गॅस करायचा ५५० टनांचा प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला. रस्त्याच्या बाबतीत पुणे त्यांच्या जवळपास नाही, आपल्याकडे अजून क्रॉनिक स्पॉट आहेत, म्हणजे लोक परत परत कचरा टाकतात त्या जागा, रात्री गाडीवरून पिशवी भिरकावून जाणारे महाभाग आहेत. पण इंदूरने जे केलं त्याच्या मागे महापालिका स्वतः रोज उभी राहते, दंड करते, गाड्या मोजते. आमच्या प्रस्तावातल्या टेम्पोमागे कोण उभं होतं? काकांना इंदूरचा रस्ता पाहिजे होता पण घरात दोन डबे नको होते. इंदूरमध्ये वेगळं करून दिल्याशिवाय गाडीवाला घेत नाही, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते चहा घ्यायला उठले.

मतदान झालं. तीन मतांनी मावशी राहिल्या. त्यांना हे कुणीतरी सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी आजींच्या दारात त्या नेहमीपेक्षा पाच मिनिटं जास्त थांबल्या होत्या. कशाबद्दल बोलत होत्या माहीत नाही.

त्याच मीटिंगमध्ये अजून एक निघालं जे मला इतकी वर्षं दिसत असून दिसलं नव्हतं. आमच्या लिफ्टमध्ये पाटी होती, घरकाम व कचरा कर्मचाऱ्यांनी जिना वापरावा. म्हणजे चार मजल्यांचं ओलं, दोन बादल्या, जिन्याने. आमच्या मुलीने, ती तेव्हा सातवीत, सगळ्यांसमोर विचारलं की कचरा आपला आहे तर तो आपल्या लिफ्टमधून का नाही जाऊ शकत. पाटी निघाली. थोडे दिवस दोन-तीन जण मावशी लिफ्टमध्ये असल्या की पुढच्या फेरीची वाट बघत उभे राहायचे, आता राहत नाहीत.

वापरणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. रोजच्या फेरीत फर्निचर, गाद्या, बांधकामाचा राडारोडा घेत नाहीत, तो यांचा भाग नाही, त्यासाठी वेगळी व्यवस्था आहे, उगीच मावशींशी वाद घालू नका. जुने कपडे, चपला, बंद पडलेले चार्जर, खेळणी असल्या गोष्टींसाठी स्वच्छचे वी-कलेक्ट नावाचे संकलन उपक्रम असतात, आपल्या भागात कधी आहे ते विचारून ठेवा, आम्ही एकदा माळा रिकामा केला तेव्हा एक स्कूटरभर सामान नेऊन दिलं. मोठी सोसायटी असेल तर ओलं आवारातच जिरवणं नियमाने तुमच्याकडे येतं, ते चालवायला पण यांची माणसं मिळू शकतात. गणपतीत विसर्जन घाटावर निर्माल्य घ्यायला याच बायका उभ्या असतात, हार-दुर्वा नदीत टाकू नका, त्यांच्या हातात द्या, प्लास्टिकची पिशवी काढून द्या. आणि सुकं धुऊन द्या असं मी म्हणणार नाही, एवढं पाणी कुणाकडे आहे, पण दुधाची पिशवी कापताना तो छोटा कोपरा पूर्ण तोडू नका, तो तुकडा वेगळा झाला की कुणाच्या हाताला लागत नाही, पिशवीलाच लटकत ठेवा. हे मला मावशींनीच सांगितलं.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो या व्यवस्थेचा, बायकांचा नाही. पहिला करार पाच वर्षांचा होता, आणि तेव्हापासून करार संपायची वेळ आली की दर वेळी तीच टांगती तलवार, मुदतवाढ मिळते की टेंडर निघतं, मोर्चे निघतात, पेपरात बातम्या येतात, मग पुढचं पुढे. ज्या व्यवस्थेचं कौतुक करायला बाहेरून शिष्टमंडळं येतात, जिच्यावर नगरनियोजनवाले पेपर लिहितात, तिच्यातल्या बाईला पुढच्या वर्षी आपल्या हातात गाडी असेल की नाही हे नक्की सांगता येत नाही. शहराच्या अर्थव्यवस्थेत या बायका आहेत हे आपण २००१ च्या त्या २४६ रुपयांत मान्य केलं, पण पीएफ, पेन्शन हे शब्द काढले की परत त्या 'स्वयंरोजगार' होतात. मावशींचं वय आता पंचावन्नच्या पुढे असेल. मुलगी कॉलेजला आहे, ती हे काम करणार नाही असं त्या अभिमानाने सांगतात, आणि करू नयेच, पण मग त्यांच्यानंतर चौथ्या मजल्यावर कोण येणार याचं उत्तर ना आमच्याकडे आहे ना कुणाच्या ॲपमध्ये.

पावसाळ्याचं राहिलं. जुलैमध्ये सुकं भिजतं, भंगाराचा भाव पडतो, गाडीवर ताडपत्री असते पण चढावर ढकलताना एका हाताने ताडपत्री धरायची की गाडी हे तुम्हीच ठरवा. त्या दोन महिन्यांत पैसे थकवू नका, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

तो भाडेकरू, ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं, तो काल लिफ्टमध्ये भेटला. मी तयारीत होतो. त्याने विचारलं, नारळाची करवंटी ओल्यात टाकायची का सुक्यात. खरं सांगू का, हे आमच्या घरात पण आठ वर्षांत ठरलेलं नाही. मी ओल्यात टाकतो, बायको सुक्यात टाकते, आणि मावशी दोन्हीकडून काढून गाडीच्या दांड्याला एक वेगळी पिशवी बांधलेली असते तिच्यात टाकतात, घरी बंबाला.